थरथरणाऱ्या वळूचं कुंकू

मी धोंडिबाचा देवणी जातीचा वळू बोलतोय. शेंद्र्याला एका कंपनीच्या भिंतीमागे एक लिंबाचं झाड आहे, तिथं मी असतो. मला हळूहळूच बोलता येतं. उठायलाही तसाच वेळ लागतो.

उठलो की मागचे पाय मागे ताठतात. पाठ थरथरते, एक पाय आपोआप उचलला जातो. मग थांबतं. माझ्या आईचंही असंच होई. तिला प्यायचो तेव्हा तोंडातलं आचळ थरथरायचं. मला वाटे, दूध असंच येतं.

मला हे पाचव्या वर्षी सुरू झालं. धोंडिबाची बायको लीलाबाई हातातली पाटी टाकून ओरडली, "अहो, ह्याच्या अंगात आलं!" तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मग गावोगावच्या गाई माझ्याकडे येऊ लागल्या.

जनावरांची डॉक्टर रूपाली लस टोचायला आली, तेव्हा तिनं पाहिलं. "धोंडिबाकाका, हा नसांचा अन् स्नायूंचा आजार. बरा होत नाय, वासरांत उतरतो. ह्याच्याकडं गाई आणू देऊ नका."

"देवाला आजारी म्हणती! शिकून यडी झाली पोरगी," लीलाबाई म्हणाली.

धोंडिबा काही बोलला नाही. त्या गप्प राहण्यात सहा वर्षं गेली. दुपारी डोळे मिटले, की मागे आईचे खूर वाजत. उठताना वाटे, थरथरतेय ती तीच, मी नाही.

परवा पलीकडच्या वस्तीवरची द्वारकाबाई नारळ घेऊन आली. सोबत तिची गाय चांदी, माझी लेक.

"धोंडिबाभाऊ, तुमचा देव माझ्या चांदीत आला की! आता हिचा गोऱ्हा मी वळू म्हणून सोडणार."

लिंबाखाली बसलेली चांदी उठली. पाय मागे ताठले. मला माझी आई दिसली.

धोंडिबानं नारळ मागे सारला. "बाई, नारळ परत ने. देव नाय त्यो. आजार हाय. मला म्हाईत होतं."

"मंग बोलला का नाय?"

"लोक त्याच्या पाया पडायचे. मंग माझ्याबी पडाया लागले."

त्यानं उपरण्यानं माझं कुंकू पुसलं. द्वारकाबाई नारळ तिथंच टाकून गाय घेऊन गेली.

आता धोंडिबा गावोगाव जाऊन सांगतो, शिव्या खाऊन परततो. माझी लेकरं किती गोठ्यांत आहेत, त्याला ठाऊक नाही. मलाही नाही.

तुमच्या गोठ्यात उठताना कुणी थरथरलं, तर कुंकू लावू नका. थांबेपर्यंत पाठीवर हात ठेवा. ती माझी आई असेल.