सरळ रस्त्यावरचा कठडा

दोंडाईचाहून शिंदखेड्याकडे जाताना लोटनची चहाची टपरी लागते. दोन्ही बाजूंना कपाशी, आणि मधून रस्ता असा सरळसोट की मैलभरावरून येणारी बैलगाडीही दिसावी. इथं माणूस मरायचाच म्हटला तर लोटनच्या चहानं मरेल, इतका तो कडक! पण सरकारी नकाशात हीच जागा तालुक्यातली सगळ्यात जीवघेणी. तीन वर्षांत सात माणसं इथं गेली म्हणे. म्हणून इथं पिवळा दिवा लुकलुकतो, रस्त्यावर पांढरे पट्टे आहेत, आणि एका बाजूनं शंभर फूट लांब लोखंडी कठडा आहे.

"बोर्ड वाचून गाड्या थांबत नाहीत माझ्याकडं," लोटन येईल त्याला सांगायचा. "अपघातप्रवण क्षेत्र म्हणे! माझं गिऱ्हाईक तुटलं तेवढाच अपघात इथला."

आज ते ऐकायला दिपमाला होती. धुळ्याची पोरगी, रस्त्यावरच्या अपघातांवर पीएच.डी. करत होती. सकाळपासून टेप धरून रस्ता मोजला, पट्टे मोजले, हाती काही लागेना. शेवटी बाकावर बसली आणि समोरच्या हवालदाराला म्हणाली, "झुलालकाका, नियम असा आहे, एका जागी पाच जीवघेणे अपघात झाले की ती जागा यादीत येते आणि काम मंजूर होतं. इथं पाच झाले, गेल्या दिवाळीत हे सगळं बसलं. तरी त्यानंतर आणखी दोघं गेले! असं होऊच कसं शकतं? सातही नोंदी तुमच्या आहेत. इथं गाड्या आपटतात तरी कशावर?"

झुलाल हवालदारानं चहाचा पेला खाली ठेवला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

खरं म्हणजे इथं एकही गाडी आपटली नव्हती. सगळ्या आपटल्या होत्या दोन किलोमीटर पुढं, खारी नाल्याच्या वळणावर. ते वळण असं आंधळं की समोरची गाडी अंगावर आल्यावरच दिसते, आणि कडेला पंधरा फूट खोल नाला. पण तिथं मोबाईलला रेंज नाही, आणि अपघाताची नोंद हल्ली मोबाईलमधल्या ॲपवर करायची असते. माणूस जिथं उभा राहून बटण दाबतो, तीच जागा ते ॲप नकाशावर उचलतं. पहिल्या अपघाताला झुलाल वळणावर फोन डोक्यावर धरून तासभर हिंडला. मग वैतागून लोटनच्या टपरीवर आला, चहा सांगितला आणि बटण दाबलं. दुसऱ्या वेळी वळणावर फोन खिशातून काढलाच नाही. पुढं तीच पद्धत पडली. पंचनाम्यातही 'शिवारातील रस्त्यावर' एवढंच लिहून तो मोकळा व्हायचा. कठड्याचं सामान इथं उतरलं तेव्हाच ते चुकीच्या जागी आलंय हे त्याला कळलं होतं. पण बोलायचं कुणाजवळ? निवृत्तीला दहा महिने राहिलेले. सात खोट्या नोंदी म्हणजे चौकशी, आणि चौकशी लागली की आयुष्यभराची नोकरी मातीत.

"असेल काही," तो म्हणाला. "ड्रायव्हर लोक पिऊन चालवतात."

तेवढ्यात शिंदखेड्याची काळीपिवळी थांबली आणि ताईबाई उतरली. खारी नाल्याजवळच्या वाडीतली बाई. तिचा मुलगा जितेंद्र यंदाच्या होळीला त्या वळणावरून मोटारसायकलसकट नाल्यात गेला होता. तेव्हापासून वळणावर कठडा बसवा म्हणून ती अर्ज करत होती. झुलालला बघून तिनं पिशवीतून अर्जाच्या उत्तराचा सरकारी कागद काढला.

"वाच भाऊ, काय लिखेल शे ते."

झुलालनं वाचलं. 'सदर ठिकाणी अपघाताची नोंद आढळून येत नाही. सबब मागणी मान्य करता येत नाही.'

"तठे कोनी मरनाच नही म्हंतस," ताईबाई म्हणाली. "मंग मन्हा जितू कोठे मरना? तू सांग ना त्यासले."

"अक्का, नोंद शे तेच खरं धरतस ते लोक," झुलाल खाली बघत पुटपुटला. स्वतःचं बोलणं ऐकून त्याला स्वतःचीच किळस आली.

बाईला त्याचा राग आला नाही. उलट ती दिपमालाकडं वळली. "पोरी, हाऊ भाऊ देवमानूस शे. त्यानीच काढं मन्हा जितूले नालामाईन, सोताना उपरणामा गुंडाळं. तो खोटं बोलत नही."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो. शिव्या पोलिसाला पचतात. हे नाही पचलं.

"मॅडम," झुलाल म्हणाला, "लिहून घ्या. इथं कुणी मेलं नाही. सातही जण नाल्याच्या वळणावर मेले. तिथं रेंज नव्हती, म्हणून मी इथं बसून बटण दाबलं. सातही वेळा." प्रत्येकाचं नाव, महिना, वाहन, सगळं त्यानं सांगितलं. लोटन चिमटा हातात धरून तसाच उभा.

"आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी," लोटन म्हणाला.

दिपमालाचा चेहरा आधी उतरला, मग तिचे हात भराभर चालू लागले. लॅपटॉपवर एकेक ठिपका टपरीवरून उचलून तिनं वळणावर ठेवला. "तुमचा लेखी जबाब लागेल, काका. पण आता वळण यादीत येणारच. मावशी, तुमचा कठडा होईल. वर्षभरात नक्की होईल."

झुलालच्या छातीवरचं ओझं उतरलं. चौकशी होईल, होऊ दे. त्यानं ताईबाईसाठी चहा सांगितला.

ताईबाईनं चहाला हात लावला नाही. ती उठून कठड्यापाशी गेली. पलीकडं नाला नव्हता, उतार नव्हता, नुसती सपाट कपाशी होती.

"हाऊ कठडा कव्हय लागना?"

"गेल्या दिवाळीत," दिपमाला म्हणाली.

"मन्हा जितू होळीले गया."

ताईबाई वळली आणि तिनं सरळ झुलालच्या तोंडाकडं पाहिलं.

"मंग हाऊ कठडा मन्हा जितूना व्हता, भाऊ."

झुलालनं डोक्यावरची टोपी काढली.

"हा, अक्का," तो म्हणाला. "त्यानाच व्हता."