नेमाचा कागद

"हा ठिपका गोल नाहीये," ऑर्लो म्हणाला.

काउंटरपलीकडे केलर उभा होता. बंदुकांचं हे दुकान आधी त्याच्या बापाचं, आता त्याचं. त्याने ते बंदुकीवर बसवायचं, नेम धरायचं लाल ठिपक्याचं यंत्र ऑर्लोच्या हातातून घेतलं, स्वतःच्या डोळ्याला लावलं, भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्यावर धरलं आणि परत दिलं.

"गोलच आहे, ब्रदर ओल्डरॉइड," चर्चमधल्या रिवाजाने ऑर्लोचं आडनाव घेत तो म्हणाला.

"गोल? टोमॅटो फुटल्यासारखा दिसतोय. दुसरं काढ."

केलरने दुसरं काढलं. त्यातही टोमॅटो फुटलेलाच होता. एकाच पेटीतला माल, म्हणजे पेटीच खराब, हे ऑर्लोच्या लगेच लक्षात आलं. केलरला ते माहीत आहे आणि तरी तो गप्प आहे, हेही लक्षात आलं.

यंदापासून राज्याने ठासणीच्या बंदुकीवरची दुर्बीण बंद केली होती. म्हणजे मोठं करून दाखवणारी. इतकी वर्षं ऑर्लोच्या बंदुकीवर तशी दुर्बीण होती. उन्हाळ्यात त्याने तिचे स्क्रू स्वतःच्या हाताने काढले आणि ती मोज्यात गुंडाळून खणात ठेवली. हा नियम का आला, याबद्दल त्याचं स्वतःचं मत होतं. शहरातल्या पैसेवाल्यांना डोंगर रिकामा हवा होता. म्हाताऱ्यांची दुर्बीण काढून घेतली की म्हातारे आपोआप घरी बसतात. त्याहून वाईट म्हणजे, गावात याची सभा झाली तेव्हा त्याच्या सख्ख्या मेहुण्याने, थेनने, नियमाच्या बाजूने हात वर केला होता. जनावरालाही जरा संधी नको का, म्हणे.

आणि नेमकं याच वर्षी सोडतीत ऑर्लोचं नाव लागलं होतं. नर एल्कचा परवाना. घोड्याएवढं ते जनावर मारायची परवानगी मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षं अर्ज करतात, आणि एकदा मिळाली की पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नसतो. ऑर्लोच्या वयाला तर नाहीच. त्याच्या वडिलांनी एक नर मारला होता. त्याची शिंगं अजून गोठ्याच्या दारावर होती. त्यांच्या शेजारी एक खिळा रिकामा होता, आणि तो ऑर्लोने स्वतः ठोकला होता.

केलरने तिसरी वस्तू पुढे सरकवली. "ही मोठं न दाखवणारी दुर्बीण. नियमात बसते."

"हिच्यातून काय दिसतं?"

"आहे तेवढंच दिसतं."

"आहे तेवढं मला फुकटात दिसतं की!"

केलर हसला. मग जरा दबकत म्हणाला, "एकदा डोळे दाखवून घ्या ना. माझ्या आईलाही सरळ रेघा अशाच वाकड्या दिसायच्या..."

"तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. माझ्या रेघा सरळ आहेत."

शेवटी त्याने वडिलांच्या बंदुकीला होतं तसलंच घेतलं: मागे बारीक भोकाची चकती, पुढे नळीच्या टोकाला माशी, म्हणजे नेमाचा बारीक खुंट. भोकातून माशी बघायची, माशीवर जनावर ठेवायचं. काच नाही, बॅटरी नाही, फसवाफसवी नाही. पिशवी घेऊन तो गाडीत बसला, तेव्हा त्याच्या मनात एकच गोष्ट टोचत होती. रेघांचं नाव त्याने काढलंच नव्हतं. दारांच्या चौकटी मधोमध वाकतात, हे त्याने बायकोला, नेड्रालासुद्धा सांगितलं नव्हतं. मग केलरला कोणी सांगितलं?

ऑर्लो पाटकरी होता. डोंगरातलं पाणी पाटाने गावात येतं. ते कोणाच्या शेतात कधी सोडायचं, कोणतं फाटक किती उघडायचं, हे बघण्याचं काम तीसएक वर्षं त्याचं होतं. संशय हा त्याचा मूळचा स्वभाव की नोकरीने लावलेलं वळण, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. फाटकाखाली हळूच दगड सरकवून पाणी पळवणारे त्याने कितीतरी पकडले होते. एकदा तर खुद्द बिशप सापडला. रविवारी प्रार्थनेला आला तो ओल्या बुटांनी, आणि ऑर्लोने सगळ्या प्रवचनभर बुटांशिवाय काही पाहिलं नाही.

प्रत्येक फाटकाशी एक पट्टी उभी असते. पाणी किती खोल आहे, ते तिच्यावरच्या आकड्यांवरून कळतं. या वसंतात कोणीतरी त्या सगळ्या पट्ट्या नव्याने रंगवल्या होत्या. ठसठशीत काळे आकडे, तळहाताएवढे. पाणी-कमिटीने कोणाला सांगितलं नव्हतं. ऑर्लोने ताडलं की कोणीतरी आकडे वरखाली केलेत. टेप घेऊन त्याने प्रत्येक पट्टी मोजली, आकड्यावर बोट ठेवून ठेवून. सुताभराचाही फरक नव्हता. यामुळे तो जास्तच अस्वस्थ झाला. चोरी सापडली नाही की ऑर्लोला चोर फार हुशार वाटायचा.

"अरे, कोणीतरी चांगलं काम केलं असेल," नेड्रा म्हणाली. तिचे पीच बरण्यांत भरायचे दिवस होते. सगळं स्वयंपाकघर पाकाने चिकट झालं होतं.

"कोण? आणि नाव न सांगता?"

"तुझा संशय बरणीत भरता आला असता ना ऑर्लो, तर आपल्याला चार हिवाळे पुरला असता."

शनिवारी तो आणि थेन मुरमाच्या खाणीवर नेम लावायला गेले. थेन नेड्राचा धाकटा भाऊ. लांबट हातापायांचा, सतत काहीतरी चघळणारा. पाटाच्या शेवटच्या टोकाला त्याचं शेत होतं. टोकाला पाणी नेहमी कमी पोचतं, त्यामुळे ऑर्लोच्या हिशेबात थेन कायमचा संशयित होता. थेनने दरडीसमोर फळी उभी केली आणि तिच्यावर कागद लावला. कागदावर मधोमध काळं वर्तुळ रंगवलं होतं. चांगलं थाळीएवढं.

"एवढं मोठं कशाला? मी काय आंधळा आहे?"

"तुमचा मान मोठा, दाजी. वर्तुळही मोठं."

ऑर्लोने दारू मोजून ओतली, गोळी ठासली, गजावरची खूण नळीच्या तोंडाशी आली की नाही ते अंगठ्याने चाचपलं. मग भोकातून पाहिलं. माशी होती. वर्तुळ नव्हतं. सरळ पाहिलं की कागदाच्या मध्यावर एक राखाडी डाग यायचा, आणि त्या डागात वर्तुळ बुडून जायचं. नजर थोडी बाजूला नेली की ते परत यायचं, पण मग माशी जायची. त्याने दोन्हींच्या मधला अंदाज घेतला आणि चाप ओढला.

धुराचा लोट उठला. थेन फळीपर्यंत चालत गेला, वाकला, आणि ओरडला, "वर्तुळात!"

तीनदा असं झालं. शेवटी थेनने कागद काढून आणला. "चार बोटांत तिन्ही. बघा."

ऑर्लोने कागद घडी घालून खिशात ठेवला. त्याला आनंद झाला, खरंच झाला. गाडीत तो शीळही वाजवत होता. पण खाणीच्या फाटकापर्यंत पोचेपर्यंत शीळ थांबली.

घरी त्याने कागद स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली धरला आणि भोकांवरून बोट फिरवलं. शिशाची गोळी कागदातून गेली की भोकाच्या कडेला काजळी राहते. नेड्राचं पांढरं फडकं घेऊन त्याने तिन्ही भोकं पुसली. फडकं पांढरंच राहिलं. भोकांच्या कडाही फाटलेल्या नव्हत्या, कोणीतरी हाताने गोळी दाबून खुपसावी तशा मागे दुमडल्या होत्या. मग त्याने वर्तुळाच्या रंगावर नख ओढलं. जाड, जरा रबरासारखा काळा रंग. पट्ट्यांवरचे आकडे मोजताना हाच रंग त्याच्या बोटांना लागला होता.

सगळं एकदम जुळलं. पट्ट्या रंगवणारा थेन. सभेत हात वर करणारा थेन. खोटा नेम लावून आपल्याला डोंगरावर पाठवणारा थेन. आपण नर समोर असताना चुकणार, गावात हसं होणार, मग कमिटी म्हणणार की या म्हाताऱ्याला पाणी तरी दिसतं का? आणि फाटकांच्या किल्ल्या कोणाच्या हातात जाणार? पाटाच्या टोकाला बसलेल्या माणसाच्या.

"काय पुसतोयस?" नेड्राने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं की हीसुद्धा आपल्याकडे जरा जास्तच वेळ बघते आहे.

कागद त्याने परत खिशात घातला. चोराला रंगेहाथ पकडायचं, ही त्याची पद्धत होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी थेन सोबत आला तेव्हा त्याने त्याला येऊ दिलं. डोंगरावर अ‍ॅस्पेनची झाडं पिवळी झाली होती. दुपारभर दोघे एका मोकळ्या कुरणाच्या कडेला बसले. नेड्राने बांधून दिलेलं मांसाचं सँडविच थेनने खाल्लं, ऑर्लोने नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा नराने शीळ घातली. जवळून, अगदी जवळून. मग फांद्या मोडल्याचा आवाज आला आणि तो बाहेर आला. थेनचा श्वास अडकल्याचं ऑर्लोला ऐकू आलं. त्याने बंदूक उचलली आणि भोकातून पाहिलं.

पिवळी झाडं दिसत होती. गवत दिसत होतं. मध्ये काही नव्हतं. त्याने नजर बाजूला नेली, आणि तो तिथेच उभा होता, आडवा, मान वर केलेला, वडिलांच्या नराहून मोठा. परत सरळ पाहिलं तर परत राखाडी डाग. बघायला गेलं की तो नाहीसा व्हायचा, बघायचं सोडलं की असायचा. मधला अंदाज घेऊन चाप ओढता आला असता. कुठेतरी लागलीही असती. पोटात, पायात.

थेन मागे बसून होता. मार म्हणाला नाही, नको म्हणाला नाही.

ऑर्लोने बंदूक खाली घेतली. नर सावकाश कुरण ओलांडून गेला. तो जाईपर्यंत दोघांपैकी कोणी हललं नाही.

"भोकं कशाने पाडलीस?" ऑर्लोने मागे न बघता विचारलं.

थेनने चघळणं थांबवलं. "गोळीनेच. हाताने दाबून."

"आणि खऱ्या कुठे गेल्या?"

"दोन दरडीत. एक सापडलीच नाही."

"पट्ट्याही तूच रंगवल्यास."

"हो. आकडे मोजून टाकले होते, दाजी. तुम्ही टेप घेऊन जाणार हे माहीतच होतं."

"कशासाठी हे सगळं? किल्ल्या हव्यात तुला?"

"किल्ल्या?" थेन हसला नाही. "ताईला वसंतापासून माहीत आहे. तुम्ही पेपर वाचायचं सोडलंत आणि वर तिलाच सांगितलंत की छापखानेवाले शाई वाचवतायत म्हणून. केलरला तिनेच विचारलं, त्याच्या आईला काय झालं होतं ते. ती म्हणाली, एवढ्या वर्षांनी नाव लागलंय, एकदा डोंगरावर जाऊ दे त्याला. खाणीवरच कळलं असतं तर तुम्ही आला असतात का?"

"आणि मी झाडली असती तर? ते जनावर पोटात गोळी घेऊन मेलं असतं कुठेतरी!"

"तुम्ही झाडली नसती."

"तुला काय माहीत?"

"तीस वर्षांत न बघता एक फाटक उघडलंयत कधी?" थेनचा आवाज चढला. "तुम्ही सगळ्या गावावर संशय घेता दाजी, माझ्यावर तर लग्नाच्या दिवसापासून. गावाने तुमच्यावर कधी घेतला नाही. मीही नाही घेतला."

ऑर्लोला राग आला होता, आणि तो राग कोणावर काढायचा ते त्याला कळेना. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांनी मिळून त्याला फसवलं होतं. त्याने आयुष्यभर ज्याचा वास घेतला तो कट शेवटी खरा निघाला, आणि तो असा निघाला. त्याचे डोळे भरून आले. तेवढं तरी ते अजून करत होते.

गाडीपाशी पोचल्यावर त्याने बंदुकीकडे पाहिलं. भरलेली ठासणीची बंदूक रिकामी करायचा सोपा मार्ग एकच, झाडून टाकायची.

"तुझ्याकडे कागद आहे?"

"आहे एक."

"लाव तिकडे. त्या मातीच्या उंचवट्याला."

थेनने कागद लावला आणि तो बाजूला झाला. ऑर्लो नीट उभा राहिला, वडिलांनी शिकवलं होतं तसा. श्वास घेतला, अर्धा सोडला, राखाडी डागाच्या मधोमध नेम धरला आणि चाप ओढला. धूर हळूहळू उताराला लागून गेला.

थेन उंचवट्यापर्यंत गेला. वाकून पाहिलं. यावेळी तिथून ओरडला नाही, परत चालत आला.

"खरं सांग," ऑर्लो म्हणाला.

"कागद कोरा आहे, दाजी."

थेनने कागद पुढे केला. ऑर्लोचा हात सवयीने वर आला, भोकं चाचपायला, कडा बघायला. तो अर्ध्यात थांबला आणि खाली गेला.

"बरं," तो म्हणाला. त्याने कमरेचं कडं सोडवलं. त्यात गाडीची किल्ली होती आणि पाटावरच्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या. ते त्याने थेनच्या हातात ठेवलं. "जाताना वरच्या फाटकाशी थांब. संध्याकाळचं पाणी बघायचं राहिलंय."

फाटकाशी थेनने गाडी थांबवली आणि तो उतरला. ऑर्लो शेजारच्या सीटवर बंदूक गुडघ्यांत धरून बसला. उघड्या खिडकीतून पाण्याचा आवाज येत होता.

"किती?" त्याने विचारलं.

"एक फूट तीन इंच."

आवाजावरून ऑर्लोला वाटलं, थोडं जास्त असेल. त्याचा हात दाराच्या कडीपर्यंत गेला. मग त्याने तो परत बंदुकीवर ठेवला आणि थेन गाडीत येऊन बसेपर्यंत समोर पाहत राहिला.