गोणपाटाखालचा रानपुदिना

आई साबण करते. म्हणजे करायची. तापातून उठली तेव्हा तिला वास म्हणून येईना. साबण करणाऱ्या बाईने मग काय नुसतं तेल घोटत बसायचं? "थंडी सरेपर्यंत बघते, नाहीतर साचे दादाला देऊन टाकते," ती म्हणाली. दादा म्हणजे माझा मामा. तोही साबणवालाच, पण त्याच्या वड्यांना नुसता सोड्याचा वास येतो, हे आईचं जुनं मत.

मग तिने ओढ्याकाठचा रानपुदिना मुळासकट आणला आणि साबणाच्या खोलीमागे लावला.

"बाजारातला का नाही आणलास?"

"तो मवाळ असतो. हा थेट डोक्यात जातो."

रोज सकाळी ती पान चुरडून नाकाशी धरायची आणि डोळे मिटायची. मी विचारायचे, "काही?" ती पान माझ्या हातात ठेवायची. मला तर शिंकच यायची. वास पानात असतो की आपल्या डोक्यात, हा किडा तेव्हापासून माझ्या डोक्यात वळवळतोय.

एक दिवस आईने बादलीभर पाणी वाफ्यात ओतलं. ते साबणात घालायच्या जळजळीत कॉस्टिक सोड्याची भांडी धुतलेलं पाणी होतं. एरवी तो दर्प तिला फाटकापासून कळायचा. पानं पिवळी पडली, मग काळी, मग नुसत्या काड्या राहिल्या. आई वाफ्याशी बसून राहिली. तिला तसं बसलेलं बघून मला रडू फुटलं.

काड्या उपटायला मीच गेले. उकरलं तर खाली पांढरी, दोरीसारखी मुळं, आणि तीही वाफा सोडून भिंतीकडे निघालेली. कुठे चालली असतील? मी माती परत लोटली.

"आई, खालून जिवंत आहे तो."

"असू दे," ती म्हणाली आणि साचे पुसायला लागली.

थंडी सरली. मामा साचे न्यायला आला. आई साबणाच्या खोलीत मागच्या दाराकडे पाठ करून एकेक साचा कागदात गुंडाळत होती. मामाने उंबऱ्याबाहेरच्या गोणपाटावर चिखलाचे बूट खसाखसा घासले.

आईचे हात थांबले.

"पुदिना कुणी आणला?"

"कुणीच नाही," मी म्हटलं.

"मग येतोय कुठून?"

मी मामाला बाजूला सारलं आणि गोणपाट उचललं. फरशीच्या फटीतून फिकट कोंब वर आले होते. उन्हाविना वाढलेले ते कोंब आता मामाच्या बुटांनी पार चेंगरले होते.

"अगं, मला काय ठाऊक!" मामा गडबडला. "मी मुद्दाम नाही हं केलं."

आई दारात आली. तिने डोळे मिटले. मी गोणपाट तसंच परत अंथरलं.

"दादा," ती म्हणाली, "बूट पुस ना रे अजून एकदा."