गेटवर ठेवा

"पाहुणा, डिलिव्हरी, टॅक्सी की कामवाली? यातले तुम्ही कोण?" वॉचमनने मोबाइलमधून मान वर न करता विचारलं.

"मी सतराव्या मजल्यावरच्याचा बाप," म्हातारबुवा म्हणाले. त्यांच्या हातात सुतळीने बांधलेलं खोकं होतं.

बापाचं बटण गेटच्या ॲपमध्ये नव्हतं. या वॉचमनला अख्खी सोसायटी फौजदार म्हणायची. मंजुरी नाही म्हणून त्याने एकदा चेअरमनच्या सासूबाईंनाही गेटवर ताटकळत ठेवलं होतं, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! आज मागे दोन गाड्या हॉर्न वाजवून जीव खात होत्या. घाईत त्याचं बोट पडलं ते 'डिलिव्हरी'वर. खोक्यासकट म्हातारबुवांचा फोटो वर गेला आणि लगेच उत्तर आलं : 'गेटवर ठेवा.'

लेकाने फोटो बघितलाच नव्हता, हे उघड होतं. फौजदाराने 'पाहुणा' म्हणून पुन्हा पाठवलं, फोनही लावून पाहिला. पण एक नाही की दोन नाही.

"काय म्हणतोय?" म्हातारबुवांनी वाकून विचारलं.

"मीटिंगमध्ये आहेत. म्हणाले, बाबांना बसवा, चहा द्या, मी आलोच."

"असं म्हणाला?"

"हो, अगदी असंच."

म्हातारबुवा पार्सलांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. फौजदाराने आपल्या थर्मासमधला चहा त्यांना ओतून दिला. आजवर त्याने शेकडो माणसं अडवली होती. आज पहिल्यांदा त्याला त्याची लाज वाटली.

"खोक्यात काय आहे?"

"त्याचा मिक्सर. दुरुस्त करून आणलाय. तो म्हणतो, फेकून द्या. फेकायचा कशाला? चांगला चालतोय की."

एकेक पार्सल घेऊन माणसं वर गेली. खुर्चीवरचं ऊन भिंतीवर सरकलं.

संध्याकाळी लेक खाली आला तो गेटपाशीच थबकला. "बाबा! तुम्ही कधी आलात?"

"हा काय, आत्ताच."

लेकाने खोकं उचललं आणि जाता जाता फौजदाराला विचारलं, "दुपारी माझं पार्सल आलं होतं ना?"

"ते... परत गेलं, साहेब."

"कमाल करता तुम्ही लोक!" लेक बडबडत लिफ्टकडे निघाला.

म्हातारबुवा जरा मागे रेंगाळले. रिकामा कप फौजदाराच्या हातात देत हळूच म्हणाले, "खोटं बरं बोलता हो तुम्ही. मोबाइलवरचं मी तेव्हाच वाचलं होतं. त्याला मात्र सांगू नका. फार मनाला लावून घेतो तो."