पडवीतले चार दिवस

सारिकाची पाळी थांबून आठ महिने झाले होते; पडवीत बसणं मात्र तिने थांबवलं नव्हतं.

वैशाखरे गावातल्या त्या घरात बाहेरची झालेल्या बाईला चूल बंद, हंडा बंद, देव तर बंदच. बारमाही राबण्यातून सुटणारी तेवढीच रजा. सासूच्या हातचं आयतं खायचं आणि समोरचा डोंगर दुपारभर रंग कसे बदलतो ते पाहत राहायचं. मुरबाडच्या डॉक्टरीणबाईंनी अडतिसाव्या वर्षीच हे सारं संपल्याचं सांगितलं, तेव्हा निरोप न घेता कुणी घरातून निघून गेल्यासारखं तिला वाटलं. ती रडली. रडून झाल्यावर तिला रजा आठवली.

तेव्हापासून ती दर अठ्ठावीस दिवसांनी नेमाने बाहेर बसू लागली. एरवी भर थंडीत अंगाचा भडका उडाला, की रिकाम्या सुपाने वारा घेई. कुणी पाहिलंच तर पाखडते आहे म्हणे.

पण सासू गिरजाबाई सुनेच्या चार दिवसांवर कॅलेंडरात आगाऊ कोळशाच्या फुल्या मारत, आणि या खेपेच्या फुल्या नेमक्या म्हसा गावच्या जत्रेवर बसल्या. जत्रेला शहापूरकडून सारिकाची आई बाईजा येणार होती. ‘आईची कधी थांबली?’ असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, आणि फोनवर ते विचारणं अशक्य. बाईजाचा फोन भाऊ धरी, तोही स्पीकरवर. जत्रेला जायचं तर खरं सांगायला हवं. खरं सांगितलं, की रजा कायमची गेली.

आदल्या दिवशी तिने धीर केला. “आत्या, आता मी बाहेर नाय बसायची. कधीच नाय.”

“ठाव हाय मना,” शेंगा फोडता फोडता गिरजाबाई म्हणाल्या.

“कसं?”

“आठ महिने एक दिस इकडचा तिकडं नाय. घाटातली एस्टी तरी एवढी टायमात येते का गो?”

सारिकाची मान खाली गेली. “मग माझे चार दिवस गेले?”

“जातील कशाला? माझी अठ्ठेचाळिसाव्याला थांबली. छप्पनपर्यंत बसले मी.”

सारिकाने मनात हिशोब केला. “म्हणजे आठ वर्षं तुमच्या भाकऱ्या मी फुकट थापल्या?”

“चांगल्या थापायचीस.” गिरजाबाईंनी पदराने फुल्या पुसल्या आणि आठवडाभर पुढे नव्या मारल्या. “मधूनमधून चुकवत जा. खोटं बी नीट बोलता येत नाय तुला.”

म्हशाला, घोंगड्यांच्या दुकानामागे, बाईजाने लेकीचं सारं ऐकून घेतलं. “सदतिसाव्याला,” ती म्हणाली. “मना वाटलं, जगात मी एकटीच.” मग दोघींनी मिळून पडवीसाठी एक जाड घोंगडी निवडली.

आठवड्याने हरेश कामावरून आला, तर त्या घोंगडीवर बायको. शेजारी पाय पसरून आईही.

“आई, तू का बाहेर?”

“मना बी कावला शिवला.”

“चौसष्टाव्या वर्षी?”

“कावला काय आधार कार्ड बघतो?”

हरेश उंबऱ्यात क्षणभर घुटमळला. मग आतून डबे उघडल्याचे आवाज येऊ लागले. एकामागून एक, सगळे डबे.

“मीठ कुठंय गो?”

दोघींनी डोंगराकडे पाहिलं. रंग बदलायला नुकती सुरुवात झाली होती.