खिळ्यावरचा बिल्ला

मनीष साहेबाचं नाक मी फोडलं. हापिसात, पुण्याहून आलेल्या दोन साहेबांच्या देखत, एका बुक्कीत. त्याचं मला काडीचंबी वाईट वाटत न्हाई. वाईट वाटतंय ते दुसऱ्याच गोष्टीचं, आन तीच सांगायला बसलोय. मधी कुनी टोकू नका, माझं डोकं लई लवकर फिरतं.

मी कुशाबा, घोटावड्याचा. पिरंगुटच्या कारखान्यात बावीस वर्सं काढली. गाडीच्या सायलेन्सरला धरून ठेवनाऱ्या लोखंडी पट्ट्या आमी बनवतो. आदी वेल्डिंग हातानं व्हायचं. दोन वर्सांमागं रोबोट आले. जाळीचा मोठा पिंजरा, आत दोन रोबोट, आन मधी पट्टी घट्ट धरनारा चिमटा. चिमटा मिटला की रोबोटचा हात फिरून येतो आन पट्टीला वेल्डिंगचा टाका घालतो. जुन्या पिंजऱ्याला दार व्हतं, दार उघडलं की सगळं बंद. नव्या सिस्टीमनं दारच काढून टाकलं. त्याच्याऐवजी प्रत्येकाच्या गळ्यात एक बिल्ला. बिल्ला आत गेला की मशीनला कळतं मानूस आत हाय, आन ती हलत न्हाई. बिल्ला आत नसला की आपली आपन चालू व्हती. भिंतीवर टीव्हीएवढा बोर्ड, त्यावर आमी सात जन म्हंजे सात ठिपके.

ही सिस्टीम बसवली निशादनं. नेरे गावचा इंजिनीअर, गरीब स्वभावाचा. पयल्या दिवशी मला म्हनला, "काका, आता मशीन तुम्हाला बघते." मी म्हनलं, "बघू दे की, मी काय कमी देखना हाय व्हय?"

पट्टी कधीमधी चिमट्यात अडकायची. मशीन एक मिनिट वाट बघायची आन मंग आपली आपन चालू व्हायची, ते मिनिट बोर्डावर माफ. पन मानूस बिल्ला घेऊन आत गेला की सगळी तपासनी पयल्यापासून. धा मिन्टं बंद, आन बोर्डावर माझ्या नावापुढं लाल पट्टा, कारन लाईनचा लीडर मी. शेजारची लाईन हिरवीगार असायची आन तिकडची मानसं माझ्याकडं बघून दात काढायची. माझ्या अंगाची नुसती आग व्हायची. बावीस वर्सं काम केलेला मानूस मी, आन मला लाल पट्टा?

एक दिवस मी पिंजऱ्याभायेरच्या लाकडी फळीवर चार इंची खिळा ठोकला. सगळ्यांना बोलावलं आन सांगितलं, आत जायाच्या आदी बिल्ला हितं अडकवायचा, एका मिन्टात पट्टी ठोकून काढायची, आन भायेर पळायचं. मशीनला कळत न्हाई, बोर्ड लाल व्हत न्हाई.

देवू तेवढा कचरला. देवू डोंगरावरच्या वाडीतला, ठेक्यावर कामाला, हातोडीचा हात असा की एका ठोक्यात पट्टी मोकळी. तो म्हनला, "आन्ना, मंग मशीनला मी दिसनार न्हाई?"

"मला दिसतोयस ना? मंग झालं की," मी म्हनलं.

सहा म्हैने आमची लाईन हिरवी राहिली. आमच्या म्यानेजरनं, मनीष साहेबानं, सगळ्यांसमोर मला शाल दिली, बोर्डाखाली उभं करून फोटो काढला. मिशीला पीळ देऊन फिरत व्हतो मी.

त्या दिवशी सकाळी पावनेअकराला पट्टी अडकली. देवूनं बिल्ला खिळ्याला लावला आन आत गेला. पट्टी लईच बसली व्हती. तो दोन्ही हात घालून ओढत व्हता. मी घड्याळाकडं बघून ओरडत व्हतो, "आटप, देव्या, आटप!" पट्टी सुटली आन त्याच दमाला चिमटा मिटला. त्याच्या डाव्या मनगटावर.

देवू वरडला न्हाई पयल्यांदा. त्याला कळलंच न्हाई. मंग रोबोटचा हात वळला, जसा रोज वळतो तसाच, आन जिथं टाका घालायचा तिथं टाका घालायला लागला. तिथं मनगट व्हतं. निळा उजेड पडला, मांस जळल्याचा वास सुटला, आन देवू असा किंचाळला की पार कँटीनमधली मानसं उठून पळत आली. मी मशीन बंद करायच्या लाल बटनावर दोन्ही हात आपटले. रोबोट जागच्या जागी थांबला. पन चिमटा मिटलेलाच राहिला, मशीन बंद पडली की तो तसाच धरून ठेवतो. देवू त्याला लोंबकळत व्हता, बाहीला आग लागलेली. मी आत उडी घेतली, माझाबी बिल्ला सकाळपासनं खिळ्यालाच व्हता, आन माझ्या हातानं ती आग चोळून इझवली.

वरनं, काचेच्या केबिनमधनं, निशाद वरडला, "काका, मला इथनं चिमटा सोडता येत नाही! आत कुणी नाही असं दाखवतंय! त्याचा बिल्ला आत आणा, बिल्ला आला की लगेच सुटेल!"

मला सपष्ट ऐकू आलं. हे नीट ध्यानात ठेवा. मी बहिरा न्हाई.

मी खिळ्याकडं बघितलं. धा पावलांवर व्हता. आन त्या खिळ्याच्या शेजारीच मनीष साहेब येऊन उभा राहिला व्हता, पांढऱ्याफटक तोंडानं. त्याच्या देखत खिळ्यावरचा बिल्ला काढला म्हंजे सहा म्हैन्यांची हिरवी लाईन, ती शाल, तो फोटो, समद्यावर पानी. समद्यांना कळनार, कुशाबानं काय केलं. एवढं सगळं एका श्वासात माझ्या डोक्यात येऊन गेलं.

आन मी घन उचलला. कोपऱ्यात पडलेला, सात किलोचा. "सरका समदी बाजूला, मी तोडतो ह्याला!" असं वरडत मी चिमट्यावर घाव घातला. चिमटा जाड लोखंडाचा, त्याला काय व्हनार? दुसरा घातला. देवू म्हनत व्हता, "आन्ना, नगं, आन्ना, नगं." तिसरा घाव घातला तवा आतनं कडकन् आवाज आला. तो लोखंडाचा नव्हता. देवूची मान खाली पडली.

तवा मी घन फेकला, पळत जाऊन बिल्ला हिसकला, आन आत येऊन त्याच्या छातीवर ठेवला. टिक असा आवाज झाला. चिमटा आपला आपन उघडला, अगदी हळू.

दवाखान्यात संध्याकाळी डॉक्टर भायेर आले. देवूची बायको भिमाबाई भिंतीला टेकून बसली व्हती, मी तिच्या शेजारी. डॉक्टर म्हनले, "भाजलेलं भरून आलं असतं हो. पण मनगटाच्या हाडांचा पार चुरा झालाय. हात काढावा लागला." भिमाबाई रडली न्हाई. तिनं माझ्याकडं बघितलं, माझे भाजलेले हात बघितले, आन वाकून माझ्या पायावर डोकं ठेवलं. म्हनली, "तुमी घन घातला म्हून मानूस तरी वाचला, आन्ना. सगळी सांगत्यात." मी ते हात पाठीमागं लपवले.

चार दिवसांनी हापिसात चौकशी झाली, पुण्याहून दोन साहेब आले व्हते. मनीष साहेबानं कागद पुढं सरकवला. त्यात लिवलं व्हतं, वारंवार सांगूनही कामगार देवू बिल्ला न घालता आत गेला, सगळा दोष त्याचा, त्याला कामावरनं काढावं. सांगनारा म्हनून माझं नाव. खाली माझी सही पायजे व्हती.

"करा सही, कुशाबा," साहेब म्हनला. "तुमच्यावर काही येत नाही. ह्या डोंगरावरच्या लोकांना मशीन कळतच नाही, त्याला आपण काय करणार?"

माझं डोकं सटकलं. बुक्की कवा उठली मलाच कळलं न्हाई. नाक फुटलं, रक्ताची चिळकांडी त्या कागदावर उडाली. मी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटला, पुन्हा आपटला. लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? वाटलं, हाच तो, ह्यानंच देवूचा हात घेतला.

निशादनं मला मागनं मिठी मारून ओढलं. तो म्हनला, "काका, ह्यांना मारून काय होणार? सातच्या सात ठिपके रोज आळीपाळीनं एकाच जागी, त्या फळीपाशी. सहा महिने बोर्डावर दिसतंय. मी सरांना दोनदा दाखवलं. सर म्हणाले, लाईन हिरवी आहे ना, मग राहू दे." मंग माझ्या तोंडाकडं बघून हळू म्हनला, "पण तो खिळा कुणी ठोकला, काका?"

मी साहेबाची कॉलर सोडली. म्हंजे त्याला सगळं ठाव व्हतं. ज्याच्यापासनं लपवायला मी घन उचलला, त्याला आदीपासनं ठाव व्हतं! मी तोच रक्ताचा कागद उलटा केला आन मागं माझ्या हातानं लिवलं, खिळा मी ठोकला, बिल्ला काढायला मीच लावला, देवूचा दोष न्हाई. खाली सही केली. त्याच दुपारी मला गेटाच्या भायेर काढलं.

पन घाव का घातले ते मी लिवलं न्हाई. ते कुठल्या बोर्डावर न्हाई, कुनाला ठाव न्हाई. ते मी देवूला तोंडानं सांगायचं ठरवलं.

देवू घरी आल्यावर मी वाडीवर गेलो. तो अंगनात बसला व्हता, डाव्या हाताचं थोटुक कोपरापासनं पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं. भिमाबाईनं मला चहा दिला, बसायला पोतं टाकलं. मी चहा खाली ठेवला.

"देवू, निशाद वरडला ते मला ऐकू आलं व्हतं. बिल्ला आनला असता तर तुझा हात राहिला असता. मी माझी अब्रू राखायला घन घातला."

देवू म्हनला, "ठाव हाय. तुमी खिळ्याकडं बघितलं, मंग साहेबाकडं बघितलं. मला आतनं दिसत व्हतं, आन्ना. तुमी सांगताय का न्हाई, तेवढंच बघत व्हतो."

भिमाबाई दारात उभी राहून ऐकत व्हती. ती आत गेली आन कोयता घेऊन आली. माझा डावा हात मनगटाला धरून तिनं लाकडं फोडायच्या ओंडक्यावर ठेवला. "ह्याच्या पायावर डोकं ठिवलं मी," म्हनली, "ह्या मुडद्याच्या!" कोयता डोक्यावर गेला. मी हात मागं घेतला न्हाई. देवाशपथ, घ्यायचा न्हाईच व्हता.

"भिमे," देवू म्हनला, "त्याचा तोडून माझा येनार हाय का?"

कोयता खाली आला, पन माझ्या करंगळीपासनं दोन बोटं लांब, नुसत्या ओंडक्यात निम्मा रुतला. भिमाबाई धापा टाकत उभी राहिली. मंग तिनं तो उपसला आन मुठीकडनं माझ्या हातात कोंबला. कोपऱ्यातल्या लाकडाच्या ढिगाकडं बोट केलं. "हे फोडायचं काम त्याचं व्हतं," म्हनली. "आता तू फोड. रोज यायचं."

मी पयलं लाकूड ओंडक्यावर उभं केलं आन घाव घातला. लाकूड दुभंगलं. दुसरं घेतलं. देवू तिथंच समोर बसला व्हता, आन माझ्या प्रत्येक घावाला तो डोळे गच्च मिटून घेत व्हता.