एकमेकांना ओळखायचा शनिवार

पुण्याहून एक मॅडम आल्या अन् आम्हाला आमचीच ओळख करून देऊन राह्यल्या. आता बोला! मी, नंदाबाई, या बियाण्याच्या प्लांटात एकोणीस वर्षांपासून काम करते. ग्रेडिंगच्या हॉलात मी सुपरवायझर. हाताखाली वीस माणसं. कोणाच्या सासूला शुगर हाये अन् कोणाचा नवरा कोणत्या वारी पितो, हे मला झोपेतून उठवून विचारा. अन् मॅडम म्हणतात, "आज आपण एकमेकांना नव्यानं भेटणार आहोत."

अन् हे कधी, तर मे महिन्यात! पेरणी तोंडावर, बदनापूर रोडला गेटाबाहेर ट्रकांची लाईन, ड्रायव्हर लोक हॉर्न वाजवून वाजवून डोकं उठवून राह्यले. अन् इकडं मशीन बंद ठेवून आम्हाला नारंगी टी-शर्ट वाटले. साडीवर टी-शर्ट! पाठीवर छापलेलं, 'आपण एक कुटुंब'. कुटुंबात असे कपडे घालून कोण हिंडतं हो?

वैताग तर व्हताच, पण माझा जीव भलतीकडंच टांगला व्हता. तो लालमियाँभाईत.

लालमियाँभाई आमच्या ग्रॅव्हिटी मशीनचे ऑपरेटर. हे मशीन हलकं बियाणं अन् भारी बियाणं वेगळं करतं, अन् चालू झालं की असा दणका, की शेजारचा मेला तरी कळायचं न्हाई. म्हणून हॉलात कोणी बोलतच न्हाई. सगळं हातानं. पंजा हलवला की माल सोड, मूठ वर केली की थांब. त्या दणक्यात सव्वीस वर्षं उभं राहून भाईंचे कान गेले. तीन वर्षं झाले, बिलकुल गेले. समोरून बोला, ओठ पाहून सगळं समजतात. मागून तोफ लावा, पत्ता न्हाई. पण मशीनवर नुसता तळहात ठेवला की पट्टा कुठं सरकला ते सांगतात. चांगल्या कानाच्या माणसाला ते जमत न्हाई.

पण हे साहेबाला कोण सांगंल? गेल्या साली वॉचमन कारभारीला डोळ्याला कमी दिसायलं, तर सोमवारी ऑफिसात बोलावलं अन् मंगळवारी घरी पाठवलं. भाईंच्या रिटायरला वीस महिने राह्यले. पोरगी महजबीन जालन्याला नर्सिंगच्या शेवटच्या सालाला. म्हणून आम्ही लपवलं. आम्ही म्हणजे मी अन् पॅकिंगचा कल्याण. डॉक्टर तपासायला आल्ता, तो भाईंच्या पाठीमागं उभा राहून हळूच आकडे बोलायचा. मी समोर उभी राहून डोकं खाजवल्यासारखं करून तेवढी बोटं दाखवायची, अन् भाई तोच आकडा सांगायचे. डॉक्टरनं लिहिलं, कान उत्तम! अन् रोजच्या कागदावर 'ऑपरेटर तंदुरुस्त' असं लिहून खाली सही कोणाची? माझी.

तर मॅडमनी खेळ सांगितला. एकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, अंगणात पाण्याच्या बाटल्या मांडायच्या, अन् जोडीदारानं लांबून ओरडून त्याला बाटल्यांमधून न्यायचं. म्हणं यानं विश्वास वाढतो. चिठ्ठ्या काढल्या. लालमियाँभाईंच्या डोळ्यांवर पट्टी, अन् ओरडणार मी. घ्या! देवाला बी त्याच दिवशी मस्करी सुचली.

"मॅडम, भाईंना चक्कर येती," मी म्हणले.

"नंदाताई, विश्वास ठेवा."

"अहो, विश्वासाचं न्हाई, वयाचं सांगून राह्यले मी."

तिकडं लिंबाखाली खुर्ची टाकून संपतराव साहेब बसले व्हते, उसाचा रस पीत. तिथूनच म्हणले, "सगळ्यांनी खेळायचं. कोणी सुटणार नाही." भाईंनी साहेबाचे ओठ वाचले. मंग मॅडमच्या हातातून पट्टी घेतली अन् माझ्याजवळ येऊन म्हणाले, "रस्ता पाठ केला मी. सहा पावलं सीधा, तीन डावीकडं, मंग पुन्हा सीधा. तू नुसती ओरडत राहा."

म्हणजे उलटाच कारभार. ते चालणार, अन् ते जिकडं जातील तिकडं मी ओरडणार. अन् जमलं की हो! ते डावीकडं वळले की मी बोंबलायचे, "डावीकडं, भाई, डावीकडं!" मॅडम खूश. "व्वा, काय ताळमेळ आहे!" म्हणून टाळ्या वाजवून राह्यल्या. माझ्या कपाळाचा घाम तोंडात येऊन राह्यला व्हता.

पण पाठ केलेला रस्ता तो. शेवटच्या वळणाला भाईंचं पाऊल जरा तिरकं पडलं. अन् त्या तिरक्या वाटंवर माल ओतायचा खड्डा. पुरुषभर खोल. मशीन बंद हायेच तर धुऊन घ्या म्हणून सकाळीच त्याची जाळी काढून ठेवल्याली. बाटल्या मांडायचं सुचलं या लोकांना, खड्डा झाकायचं कोणाला सुचलं न्हाई! मला बी न्हाई.

भाई खड्ड्याकडं निघाले. अन् मी काय केलं? मूठ वर केली. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला मूठ दाखवली! बाजूला पाह्यलं, तर माझ्या हाताखालच्या शीतलची मूठ वर, कल्याणची मूठ वर, हॉलातल्या सगळ्या माणसांच्या मुठी वर. अन् सगळं अंगण चिडीचूप. तीन वर्षांत भाईंना आवाज द्यायची सवयच मोडली व्हती आमची.

ओरडल्या त्या एकट्या मॅडम. "थांबा! काका, थांबा!" घसा फाटेस्तोवर. भाई आपले चालूनच राह्यले. कल्याण पळाला अन् खड्ड्याच्या काठावर त्यानं मागून त्यांचा टी-शर्ट धरून वढला. दोघंबी आडवे झाले.

भाईंनी पट्टी काढली. समोर मुठीच मुठी. आमचे हात तसेच राह्यल्ते, वरच्या वर. ते एकेकाकडं पाहत गेले अन् मंग मला म्हणाले, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, "सगळ्यांनाच माहीत व्हतं, नंदा? मी समजत व्हतो, तुम्हा दोघांनाच." मी बी तेच समजत व्हते. तीन वर्षं आम्ही दोघं लोकांपासून लपवून राह्यलो, अन् लोक आमच्यापासून लपवून राह्यले. येडा बाजार नुसता!

साहेब खुर्चीवरून उठून आल्ते. खुळे थोडीच हायेत ते. त्यांनी विचारलं, "यांना ऐकू येत नाही, हे कोणाकोणाला माहीत होतं?" अन् पाह्यलं सरळ माझ्याकडं. सही माझी ना.

भाईंनी ओठ वाचले. मी तोंड उघडायच्या आधीच ते बोलले, "कोणालाच न्हाई, साहेब. मी लपवलं."

अन् मी गप राह्यले. आख्खं बदनापूर माझ्या तोंडाला भितं. ड्रायव्हर, हमाल, खुद्द साहेब. अन् नेमकं त्या टायमाला तेच तोंड कामाला आलं न्हाई. मला माझी नोकरी दिसली. बाकी काही न्हाई, तेवढीच.

मॅडमनी रिपोर्टात काय लिहिलं म्हणता? आमच्या हॉलात संवाद कमी हाये, दर महिन्याला असा खेळ घ्या! माझं डोकं असं फिरलं, की तो टी-शर्ट मी पोछा म्हणून वापरायला काढला.

सोमवारी भाईंना मशीनवरून काढून गेटाजवळ स्टुलावर बसवलं. हेड ऑफिसचं पत्र येईस्तोवर बसा म्हणले. पत्रात काय येणार, हे कारभारीला विचारा.

जेवणाच्या सुट्टीत मी गेले. भाई स्टुलावर बसून ज्वारीची भाकर खाऊन राह्यले व्हते, जसं काही झालंच न्हाई. त्याचाच मला जास्त राग आला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी बराबर समोर उभी राह्यले, ओठ दिसतील अशी, अन् म्हणले, "चुकलं माझं, भाई."

त्यांनी वाचलं. वाचलेलं मला कळतं, तीन वर्षं पाहून राह्यले. अन् म्हणतात कसे, "ऐकू न्हाई आलं."

"चुकलं माझं!"

"न्हाई आलं, नंदा." भाकर चघळत, मिशीत हसत.

मंग माझा पारा चढला. शनिवारपासून पोटात कोंडलेलं सगळं एकदम वर आलं. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "मला माहीत व्हतं! तीन वर्षांपासून माहीत व्हतं! डॉक्टरला बोटं मी दाखवली, सह्या मी केल्या, अन् साहेबानं विचारलं तवा मी गप राह्यले!"

ट्रकवाले हॉर्न द्यायचे थांबले. हॉलातून लोक बाहेर आले. वरच्या ऑफिसची खिडकी उघडली अन् साहेबानं डोकं बाहेर काढलं.

भाईंनी माझ्या नजरेमागं वर पाह्यलं. त्यांचं हसू गेलं, हातातली भाकर खाली पडली. "अगं येडे," ते म्हणले, "मी मजाक करून राह्यल्तो!"

"मी न्हाई," मी म्हणले, अन् जिन्याकडं निघाले.